जुन्या गिटार प्रीॲम्पमध्ये नेमकं काय जुनं होतं?

एकोणीस इंच रुंद, पावणेदोन इंच उंच, काळा लोखंडी डबा. पुढे बटणं आणि लाल आकडे दाखवणारी छोटीशी खिडकी, मागे जॅकची रांग. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी किंवा नव्वदच्या दशकात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांकडे असा एखादा प्रीॲम्प अजून पडून असतो. त्याचं काय करू, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं येतात. एक म्हणतो, "अरे, हे सगळं आता फोनमध्ये मिळतं, काढून टाक." दुसरा म्हणतो, "चुकूनही विकू नकोस, असा आवाज पुन्हा होणे नाही."

दोघंही छातीठोकपणे बोलतात. दोघंही फक्त आवाजाबद्दल बोलतात. पण असा डबा ठेवावा की नाही, हे माझ्या मते आवाजावर कमी आणि त्याच्या पोटातलं काय म्हातारं होतं नि काय होत नाही यावर जास्त ठरतं. आणि तिथे सगळा हिशेब उलटा निघतो.

## आधी मुळाशी जाऊ: हा डबा करतो काय?

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. वरची तार थरथरली की या वेढ्यांत विजेची एक अगदी क्षीण लाट तयार होते, व्होल्टचा एखादा दशांश, जोरात वाजवलं तर थोडी जास्त. एवढ्याशा लाटेने स्पीकरचा कागद हलणार नाही. म्हणून ती दोन टप्प्यांत वाढवतात. पहिला टप्पा प्रीॲम्प, दुसरा पॉवर ॲम्प. प्रीॲम्प मजकूर लिहितो, पॉवर ॲम्प तो खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. वाचणाऱ्याच्या गळ्याचाही परिणाम होतोच, पण काय बोलायचं हे बरंचसं मजकुरातच ठरलेलं असतं.

प्रीॲम्पचं पहिलं काम मात्र वाढवण्याचंही नाही. ते आहे पिकअपला न दमवण्याचं. बारीक नळीतून येणाऱ्या पाण्याला एकदम मोठं भोक दिलं तर धार मरते. तसंच पिकअपचं. समोरच्या सर्किटने जास्त करंट ओढला की वरचे, चकचकीत सूर आधी मरतात आणि गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी वाटते. म्हणून गिटार प्रीॲम्पच्या तोंडाशी साधारण दहा लाख ओहमचा अडथळा ठेवतात. गिटार थेट एखाद्या साध्या लाइन इनपुटमध्ये खुपसली की आवाज मेलेला का येतो, त्याचं कारण हेच.

## गेन आणि क्लिपिंग: ठेंगण्या छताची खोली

दोनच शब्द लक्षात ठेवू. लाट किती पटीने वाढवायची तो गेन. आणि वाढता वाढता ती सर्किटच्या मर्यादेला आपटून तिचे शेंडे चपटे होतात ते क्लिपिंग.

ठेंगण्या छताच्या खोलीत उड्या मारायची कल्पना करा. छत काँक्रीटचं असेल तर डोकं एका ठरावीक उंचीवर खाड्कन आपटतं. छताला खाली गादी लावलेली असेल तर आधी गादी दबते, वेग कमी होतो, मग माणूस थांबतो. ट्रान्झिस्टर किंवा चिपच्या साध्या सर्किटमध्ये छत बहुधा काँक्रीटचं असतं. व्हॅक्यूम ट्यूबचं, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीपासून वापरात असलेल्या काचेच्या कुपीचं, छत गादीचं. शिवाय ट्यूबमध्ये वरची आणि खालची गादी सारख्या जाडीची नसते, म्हणून लाटेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चेपल्या जातात.

शेंडे चेपले की मूळ सुरात नसलेले वरचे सूर तयार होतात: दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर दोरा सरकवला की त्याच तारेतून एकदम वरच्या सुरांची झळाळी फुटते, ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. तिथे कारण वेगळं, पण कानाला मिळणारी गोष्ट तीच: एकाच सुरात वरच्या सुरांची दाटी. गिटारवादक ज्याला 'ट्यूबचा गरम आवाज' म्हणतात, त्यातलं बरंचसं ही दाटी कशी आणि किती सावकाश येते यातच आहे. त्यात गूढ काही नाही.

यातली नेहमीची ट्यूब म्हणजे १२एएक्स७, युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी, आत दोन स्वतंत्र विभाग. प्रत्येक विभाग प्रत्यक्ष सर्किटमध्ये लाट पन्नास-साठ पटीने वाढवतो. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा असे टप्पे जोडले की गेन प्रचंड वाढतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं चेपणं होतं. मेसा बूगीच्या ॲम्पनी सत्तरच्या दशकात ही साखळी लोकप्रिय केली. पुढचं सगळं 'हाय गेन' त्याच वाटेने आलं.

## मग रॅकमध्ये कशाला गेलं हे सगळं?

रॅक म्हणजे अशी एकोणीस इंची यंत्रं एकावर एक बसवायचा सांगाडा. हे सगळं तिथे गेलं त्याला कारण मिडी. १९८३ मध्ये ही संगीताच्या यंत्रांची आपसात बोलायची भाषा ठरली. १९८७ मध्ये एडीए कंपनीचा एमपी-१ आला: आत दोन १२एएक्स७, आणि १२८ प्रीसेट. म्हणजे जमवलेला आवाज साठवायचा आणि पायाने एक बटण दाबून परत बोलवायचा. आज यात काय विशेष असं वाटेल. पण त्याआधी स्वच्छ आवाजातून फाटक्या आवाजात जायचं तर दोन ॲम्प न्या, नाहीतर गाण्याच्या मध्ये वाकून खुंट्या फिरवा, अशी गत होती. मग १९९१ च्या सुमारास मेसा बूगीचा पाच ट्यूबवाला ट्रायॲक्सिस आला, १९९२ मध्ये मार्शलचा जेएमपी-१. मोठमोठ्या दौऱ्यांवर हे डबे फिरले.

म्हणजे हे यंत्र दोन काळांचा संकर आहे. आवाज घडवणारा भाग १९४० च्या दशकातल्या तंत्राचा, आणि त्याला हुकूम सोडणारा भाग ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरचा. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

## "माझा प्रीॲम्प लावला तर माशा घोंघावल्यासारखा आवाज येतो"

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि चांगले चांगले प्रीॲम्प याच गैरसमजापायी विकले गेलेत.

गिटारचा स्पीकर हा घरातल्या गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. बारा इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ हात वर करतो. त्यामुळे क्लिपिंगमधून निघालेली वरची सगळी किरकिर तो गाळून टाकतो. आपण ज्याला 'इलेक्ट्रिक गिटारचा आवाज' म्हणतो, त्यात या गाळणीचा वाटा फार मोठा आहे. प्रीॲम्प थेट रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीत, लावला की गाळणीच गायब. मग माशाच घोंघावणार.

यावर आजचा उपाय स्वस्त आणि सोपा आहे, आणि गंमत म्हणजे तो डिजिटल जगातून आलाय. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की खोली कशी घुमते ते कळतं. तसंच स्पीकरला एक क्षणभराचा इशारा देऊन माइकने त्याचं उत्तर टिपायचं आणि त्याची फाइल करायची. या फाइलला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, गिटारवाले नुसतं 'आयआर'. प्रीॲम्पच्या पुढे ही फाइल चालवणारा छोटा पेडल किंवा कॉम्प्युटरवरचं मोफत सॉफ्टवेअर ठेवलं की तोच डबा अंगावर येतो. काही जुन्या प्रीॲम्पवर स्पीकरची नक्कल करणारा वेगळा आउटपुट असतो, पण त्या काळच्या नकला ढोबळ होत्या. माझं मत विचाराल तर तो आउटपुट विसरा, आयआर लावा.

दुसरी चूक म्हणजे प्रीॲम्प दुसऱ्या ॲम्पच्या गिटार इनपुटमध्ये लावणं. तिथे त्या ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प आहेच. एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याने पुन्हा आपल्या शैलीत लिहिला, असं होतं. ॲम्पच्या मागे इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये दुसरी यंत्रं जोडायची सोय, असेल तर त्याच्या 'रिटर्न' जॅकमध्ये लावा, म्हणजे थेट पॉवर ॲम्पला पोचाल.

## आता मूळ प्रश्न: आत काय जुनं होतं?

माझ्याकडचा डबा आठ-नऊ वर्षं खोक्यात होता. बाहेर काढला, जाणकाराकडून तपासून घेऊन लावला, तर पडद्यावर आकडे आले, पण प्रत्येक प्रीसेट सारखाच: सगळ्या किमती शून्यावर नाहीतर टोकाला. मी आधी ट्यूबवर संशय घेतला. सगळे घेतात, काचेची असते ना. पेन्सिलच्या मागच्या रबराने दोन्ही ट्यूबवर हलकेच टकटक केली. ट्यूब खराब व्हायला लागली की ती माइकसारखी वागते, अशी टिचकी स्पीकरमधून घणघणते. काही नाही. एकदम शांत. पंचवीस वर्षांपूर्वीची ट्यूब ठणठणीत.

दोषी निघाली ती सर्किट बोर्डावर डकवलेली नाण्याएवढी बॅटरी. वीज बंद असताना प्रीसेटची आठवण जिवंत ठेवायचं काम तिचं. ती संपली, आणि तिच्यासोबत त्या काळात रात्र रात्र बसून जमवलेले माझे आवाज गेले. कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. बॅटरीच्या कडेला पांढरट-हिरवट खरपुडी धरली होती. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर ती खालच्या तांब्याच्या रेघा खाऊन गेली असती.

तर हिशेब असा उलटा. ट्यूब संपली तर बंद करा, थंड होऊ द्या, जुनी उपटा, नवी खोचा. सर्किट माहीत असलेल्या माणसाला दोन मिनिटांचं काम. रेझिस्टर दशकानुदशकं चालतात. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या टाक्या, आतून हळूहळू सुकतात. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे रॅकमध्ये गरम पॉवर ॲम्पच्या डोक्यावर बसवलेला डबा लवकर म्हातारा होतो. हम, म्हणजे मागची विजेची घुमघुम, वाढला, आवाज ढिला पडला की पहिला संशय यांच्यावर. पण तेही कुठेही मिळणारे सुटे भाग आहेत.

अडतं कुठे? तर त्या काळी 'आधुनिक' असलेल्या भागात. दाबून दाबून झिजलेली बटणं, मंद पडलेला डिस्प्ले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच कंपनीसाठी बनलेल्या किंवा कधीच बंद झालेल्या चिपा. कंट्रोलचा प्रोग्राम बहुतेकदा ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असतो. तिच्यावर काचेची खिडकी असते आणि खिडकीवर स्टिकर. अतिनील प्रकाशाने आतलं लिखाण पुसलं जातं, म्हणून तो स्टिकर. एखाद्याने कुतूहलाने काढला आणि चिप उजेडात पडून राहिली तर हळूहळू यंत्राचं डोकंच रिकामं होऊ शकतं. चाळीसच्या दशकातली वस्तू कारखान्यातून अजून नवी मिळते, आणि नव्वद सालची चिप मिळत नाही.

म्हणून जुना प्रीॲम्प घेताना किंवा ठेवताना मी पहिला प्रश्न 'आवाज कसा आहे' हा विचारत नाही. विचारतो, यात कॉम्प्युटर किती आहे, आणि त्याची चिप, प्रोग्राम किंवा सर्किटचा नकाशा अजून कोणी सांभाळतंय का? एमपी-१ किंवा जेएमपी-१ सारखे भरपूर खपलेले डबे इथे सुदैवी. ते हजारो जणांनी उघडलेत, दुरुस्त केलेत. एखादा दुर्मीळ, मोजकाच बनलेला डबा कितीही देखणा असला तरी त्यातली एक चिप गेली की तो शोभेचा होतो. दुर्मीळ म्हणून जास्त मोल द्यायची रीत इथे मला उफराटी वाटते.

## साधे जुने प्रीॲम्प तर अमर असतील मग?

जवळजवळ. पण त्यांच्यापुढे वेगळाच पेच आहे. अलेंबिकचा एफ-२बी हा ट्यूब प्रीॲम्प फेंडरच्या ड्युअल शोमन ॲम्पच्या सर्किटवर बेतलेला, आत कॉम्प्युटरचा मागमूस नाही. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मूर बदल करून घेतलेला एफ-२बी वापरत आले. किंवा एकोप्लेक्स ईपी-३ घ्या. हे होतं टेपवर प्रतिध्वनी काढणारं यंत्र, पण त्याच्या तोंडाशी असलेला ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीॲम्प आवाजाला अशी काही धार द्यायचा की लोक प्रतिध्वनी बंद ठेवून नुसते त्यातून गिटार काढायचे.

पेच असा, की सर्किट जितकं साधं तितकी नक्कल सोपी. ईपी-३ चा तो प्रीॲम्प आज काडेपेटीहून थोड्या मोठ्या पेडलमध्ये मिळतो, आणि तो खोटा नाही; तेच सर्किट नव्या भागांत आहे. फक्त तेवढ्या आवाजासाठी अख्खं टेपयंत्र सांभाळायची गरज उरलेली नाही.

## सॉफ्टवेअर हुबेहूब तोच आवाज देत असेल तर?

देतं. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. १९९८ च्या लाइन ६ कंपनीच्या पॉड या यंत्राच्याही आधीपासून ही नक्कल सुरू आहे, आणि सुरुवातीच्या नकला थिट्या होत्या हेही खरं. डिजिटल यंत्र आवाजाचे सेकंदाला ४८ हजार वगैरे नमुने घेतं. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, कारण कॅमेरा पुरेशी चित्रं घेत नाही. तसंच क्लिपिंगमधून निघालेले फार वरचे सूर या नमुन्यांत मावले नाहीत की खाली दुमडून भलत्याच, बेसूर जागी उमटतात. आजची सॉफ्टवेअर आत कितीतरी जास्त नमुने घेऊन हा दोष जवळपास मिटवतात. आता तर एखाद्या खऱ्या प्रीॲम्पमधून ठरावीक आवाज सोडून, त्याचा प्रतिसाद शिकून, त्याची प्रतिकृती तयार करणारी मोफत साधनंही आहेत.

मी माझ्याच डब्याची अशी प्रतिकृती करून रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ऐकलं. नावं झाकली की ओळखू शकलो नाही. एक सावधगिरी मात्र घ्या: दोन्हींची पातळी अगदी सारखी करा. १९३३ मध्येच फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवलं होतं की आवाज मोठा झाला की कानाला खालचे सूर जास्त भरीव लागतात. त्यामुळे जो किंचित मोठा तोच 'जिवंत' वाटतो. 'खऱ्या ट्यूबची बात और' छापाच्या निम्म्या तुलना इथेच कोलमडतात.

उशिराचं काय? डिजिटल यंत्र बोट आणि आवाज यांच्यात काही मिलिसेकंद घालवतं. पण आवाज हवेतून तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटरच जातो. म्हणजे ॲम्पपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून वाजवणारा तेवढाच उशीर रोज सोसतो. नीट बसवलेल्या यंत्रावर हा आक्षेप टिकत नाही.

फरक उरतो तो वाजवताना. प्रतिकृती बहुधा खुंट्यांच्या एकाच जागेचा फोटो असते. डब्यात मी गेन दोन घर खाली आणला की पुढचं सगळं त्याच्याबरोबर सरकतं. फोटोत झाडाची फांदी वाकवता येत नाही. सगळ्या जागा शिकवलेल्या प्रतिकृतीही आहेत, पण आपल्याच डब्याची तशी करायला बरेच कष्ट. हा फायदा मोठा की छोटा, ते तुम्ही वाजवताना खुंट्यांना हात लावता की नाही यावर. खूप जण लावतच नाहीत.

## ट्यूब मिळायच्या बंद झाल्या तर?

भीती अनाठायी नाही. आज ट्यूब मोजक्याच ठिकाणी बनतात: मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया, चीन. २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीच्या बातमीने एकच धावपळ उडाली होती. पण प्रीॲम्पमधली ट्यूब पॉवर ट्यूबसारखी राबत नाही, वर्षानुवर्षं टिकते. दोन जादा घेऊन ठेवा आणि विसरून जा.

उलट काही स्वस्त डब्यांतली ट्यूब तपासून बघा. तिला कमी व्होल्टवर नावापुरतं ठेवलेलं असतं, आणि मागे नारिंगी एलईडी लावून ती पेटल्याचा देखावा केलेला असतो. खरा आवाज तिथे चिपच काढते.

## मग ठेवू की काढू?

तुमच्याकडे आधीच आहे, चालतोय आणि प्रसिद्ध मॉडेल आहे: ठेवा. बॅटरी, कॅपॅसिटर बदलून घ्या. तोच खर्च करून मिळणाऱ्या नव्या वस्तूपेक्षा तो जास्त वर्षं साथ देईल. पहिलंच यंत्र म्हणून घ्यायचं मनात असेल तर नका घेऊ. प्रीॲम्पबरोबर पॉवर ॲम्प, स्पीकर किंवा आयआर, पायाचा मिडी स्विच असा लवाजमा लागतो, आणि शिकणाऱ्याचा वेळ वायरी जोडण्यातच जातो. पैसे गुंतवायचे म्हणून घेत असाल तर त्या नाण्याएवढ्या बॅटरीची आठवण ठेवा.

आणि दहा वर्षं बंद असलेला डबा एकदम स्विच दाबून चालू करू नका. ट्यूबच्या सर्किटमध्ये दोनशे-तीनशे व्होल्ट असतात आणि सुकलेला कॅपॅसिटर पहिल्याच झटक्यात फुटू शकतो. व्हेरिॲक लावून व्होल्टेज हळूहळू चढवणाऱ्या माणसाकडे न्या. वायर काढल्यावरही कॅपॅसिटर जोरदार झटका देण्याइतकी वीज धरून असतो, म्हणून झाकण काढायचा मोह आवरा.

बॅटरी बदलायला द्यायच्या आधी, प्रीसेट अजून शाबूत असतील तर, एकेक बोलावून सगळे आकडे कागदावर उतरवा. काही डब्यांतून मिडीने ते कॉम्प्युटरवर घेता येतात, पण कागद हवाच. माझ्या डब्याच्या झाकणावर आता एक चिठ्ठी चिकटवलीय: बॅटरी कधी बदलली ती तारीख, आणि खाली बारीक अक्षरात अकरा प्रीसेटचे आकडे. बारावा कोणता होता ते अजून आठवत नाही.